कोचीनच्या पेठा व त्यांचे लेख

मलबारच्या किनाऱ्यावरील कोचीन शहर (सरकारी नांव आतां कोची) पाहावयास जाणारे लोक पुष्कळ आहेत व त्यांस वाट दाखविणारीं पुस्तकेंही विपुल आहेत. आम्ही तेथें गेलों तें मात्र एका जुन्या कागदाचा माग काढीत. इ. स. १६७५ च्या एप्रिलच्या २० व्या तारखेस, म्हणजे शके १५९७ मध्यें, श्रीशिवछत्रपतींच्या राज्याभिषेकास वर्षही पुरें झालें नव्हतें व त्यांच्या फौजांचा वेढा फोंड्याच्या किल्ल्यास पडलेला होता, अशा वेळीं कोचीनांत तिघा ब्राह्मण वैद्यांनीं नागरी अक्षरांत एक साक्षपत्र लिहून वलंदेज अधिकाऱ्याच्या हवालीं केलें. त्या पत्राची खोदीव प्रतिकृति ॲम्स्टरडॅम येथें छापलेल्या एका ग्रंथांत आहे, म्हणून तें आज आपल्या दृष्टीस पडतें. परंतु नागरी लिहिणारे हे लोक इतक्या दक्षिणेस कसे येऊन राहिले, त्यांच्या शेजारीं कोण होते, व एका लहानशा बंदरांत इतक्या लिप्या एकत्र कशा नांदल्या, हें नुसत्या ग्रंथावरून उमगत नाहीं. त्यासाठीं जमीनच पाहावी लागते. त्या पाहणींत जें हातीं लागलें तें येथें देत आहों.

प्रथम जागेविषयीं. समुद्र व खाडी यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीवर जुनें कोचीन वसलें आहे. तिच्या वायव्य टोंकास, खाडीच्या मुखाशीं, फिरंग्यांचा किल्ला होता. तेथून खाडीच्या कांठाकांठानें सुमारें कोसभर चाललें म्हणजे मट्टांचेरी लागते, जेथें राजाचा वाडा, यहुद्यांची गल्ली, मिऱ्यांच्या वखारी व कोंकण्यांचें देवालय हीं सर्व एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर आहेत. किल्ला परक्यांचा व मट्टांचेरी राजाची, ही मूळची वांटणी. मागाहून किल्ल्याचे धनी तीनदां बदलले, पण ती वांटणी अद्यापि रस्त्यांच्या वळणांतून ओळखूं येते.

हें बंदर मलबारांतील इतर बंदरांच्या मानानें अर्वाचीन आहे. प्राचीन काळीं व्यापाराचें ठाणें उत्तरेस कोडुंगल्लूर येथें, म्हणजे ग्रीक-रोमन ग्रंथकारांच्या मुझिरिस परिसरांत होतें. इ. स. १३४१ त पेरियार नदीस मोठा पूर येऊन तें मुख गाळानें भरलें व कोचीनचें मुख मोकळें झालें, अशी परंपरा आहे. ही परंपरा केवळ तोंडी आहे असें समजूं नये. खाडीपलीकडील वैपीन बेटावर ह्या घटनेपासून मोजला जाणारा ‘पुतुवैप्पु’ नांवाचा शक प्रचारांत होता. नव्या जमिनीनें स्वतःचा शक सुरू करावा हें उदाहरण विरळा. ह्यास जुळणारा दुसरा पुरावा दगडाचा आहे. मट्टांचेरीच्या दक्षिणेस कोच्चंगाडी येथें यहुद्यांचें एक प्रार्थनामंदिर होतें. तें पुढें नाहींसें झालें, परंतु त्याचा हिब्रू शिलालेख परदेशी यहुद्यांच्या मंदिराच्या भिंतींत बसविलेला आहे व त्याचा काळ इ. स. १३४४ चा आहे. पूर १३४१ चा, शिला १३४४ ची. तीन वर्षांच्या आंत जुन्या बंदरांतले व्यापारी नव्या बंदरांत देवघर बांधतात ह्यावरून स्थलांतर किती त्वरेनें झालें असावें याचा अदमास होतो. अर्थात् त्यापूर्वीं तेथें वस्तीच नव्हती असें मात्र ह्या शिलेवरून म्हणतां येणार नाहीं. पुढें पंधराव्या शतकाच्या पूर्वार्धांत चिनी आरमाराबरोबर आलेला दुभाष्या मा हुआन यानें कोचीनचें जें वर्णन लिहिलें, त्यांत तेथील मिऱ्यांचा व्यापार पुरता स्थिरावलेला दिसतो.

किल्ल्याच्या भागांत आमचा फार वेळ गेला नाहीं, कारण तेथें पाहण्यासारखें पुष्कळ असलें तरी वाचण्यासारखें थोडें उरलें आहे. काब्राल १५०० च्या डिसेंबरांत आला, १५०३ त फिरंग्यांनीं किल्ला उभारला, १६६३ च्या जानेवारींत तो वलंदेजांनीं घेतला, १७९५ त इंग्रजांनीं. आणि १८०६ त इंग्रजांनीं किल्ल्याची तटबंदी व आंतील मोठें देवालय सुरुंगानें उडवून दिलें. उरलें तें सेंट फ्रान्सिसचें देऊळ. वास्को द गामा १५२४ च्या डिसेंबरांत कोचीनांत वारला व ह्याच देवळांत पुरला गेला. त्याच्या अस्थि १५३९ त पोर्तुगालांत नेल्या. प्रेक्षकांची गर्दी त्या रिकाम्या थडग्याभोंवतीं असते. आम्हांस त्याहून मोलाचें वाटलें तें ह्या देवळाचें वलंदेज अमदानींतलें नोंदबुक: १७५१ पासून १८०४ पर्यंतचे बाप्तिस्मे व विवाह त्यांत नोंदलेले आहेत. १९३२ त तें इंग्लंडांत दुरुस्त करून पुन्हा बांधविलें, व मूळ बुकास हात लागूं नये म्हणून पहिल्या पांच पानांच्या छायाप्रति पाहणाऱ्यांसाठीं केल्या. आपल्याकडील संस्थानिकांच्या व देवस्थानांच्या दप्तरखान्यांनीं हा धडा घेतला असता तर कितीएक बाडें आज वाचलीं असतीं! समुद्राकडे वलंदेजांचें कबरस्तान आहे. त्याच्या दारावर १७२४ सालची नोंद आहे.

कांठावरच्या ज्या प्रचंड जाळ्यांस ‘चिनी जाळीं’ म्हणतात, त्यांजविषयीं एक वाक्य लिहून पुढें जाऊं. तीं चिनी आरमारानें आणलीं असें सांगतात. पण जाळ्याच्या कांहीं भागांचीं कोळ्यांच्या तोंडचीं नांवें पोर्तुगीज वळणाचीं आहेत. तेव्हां तीं मकावमार्गें फिरंग्यांबरोबर आलीं असावीं हें मत आम्हांस अधिक संभवनीय वाटतें.

आतां मट्टांचेरी. सोळाव्या शतकाच्या मध्यास फिरंग्यांनीं राजास बांधून दिलेला वाडा, जो वलंदेजांच्या दुरुस्तीमुळें ‘डच पॅलेस’ या नांवानें ओळखला जातो, त्याच्या आवारांत भगवतीचें देऊळ आहे आणि आवारास लागूनच यहुद्यांचें प्रार्थनामंदिर. राजाची कुलदेवता व यहुद्यांचें देवघर यांमध्यें एवढेंच अंतर. हें मंदिर १५६८ त बांधलें. वलंदेज व फिरंगी यांच्या झगड्यांत १६६२ त फिरंग्यांनीं त्याची नासधूस केली व वलंदेजांचा अंमल बसल्यावर १६६४ त तें पुन्हा उभें राहिलें. घड्याळाचा मनोरा १७६० चा, व जमिनीवरील निळ्या चित्रांच्या चिनी फरशा १७६२ च्या. मनोऱ्याच्या तबकड्यांवर निरनिराळ्या लिप्यांचे आंकडे आहेत. घटका एकच, पण ती वाचणारे निराळे. ह्या गांवाची रीतच ती.

ह्या मंदिराच्या ताब्यांत जे ताम्रपट आहेत ते संशोधकांस सुप्रसिद्ध आहेत. चेर राजा भास्कर रविवर्मा यानें मुयिरिक्कोड येथें राहत असतां जोसेफ रब्बान (लेखांत ‘इस्सुप्पु इरप्पान्’) यास दिलेली ही सनद वट्टेळुत्तु लिपींत आहे. तींत त्यास ‘अंजुवण्णम्’ ही पदवी व बहात्तर मान दिले आहेत: दिवसा दिवटी, पायघड्या, पालखी, छत्र, नगारा, कर्णा, तोरण, आणि ज्यास व्यापारी माणूस ह्या सर्वांहून अधिक किंमत देईल ती जकात व वजनकाट्याच्या पट्टीची माफी. खालीं साक्षीस वेणाड वगैरे प्रांतांचे सरदार आहेत. आपल्याकडील इनामपत्रें चाळलेल्या वाचकास ह्यांत अपरिचित असें कांहींच वाटणार नाहीं.

ह्या पटांच्या बाबतींत दोन गोष्टी नीट ध्यानांत ठेवाव्या. एक काळाची. परंपरेनें ह्या सनदेचा काळ इ. स. ३७९ सांगतात, व तसें छापलेलेंही कोठें कोठें आढळतें. परंतु लिपीचें वळण व राजाचें नांव यांवरून ती इ. स. १००० च्या सुमाराची आहे, ह्याविषयीं आतां विद्वानांत मतभेद उरलेला नाहीं. सहाशें वर्षांचें हें अंतर अभिमानानें भरून काढलेलें आहे, पुराव्यानें नव्हे. दुसरी गोष्ट मालकीची. ज्या मंदिरांत हे पट आहेत त्याच्या मंडळीस ‘परदेशी’ म्हणतात, कारण त्यांचे पूर्वज बहुतांशीं सोळाव्या शतकापासून स्पेन, पोर्तुगाल इत्यादि देशांतून आलेले. मलबारी यहुदी त्यांच्या पूर्वींचे, व हे पट मूळचे आमचे, असें त्यांचें म्हणणें. इ. स. १००० ची सनद सोळाव्या शतकांत आलेल्यांच्या पूर्वजांस मिळालेली नसणार हें उघडच आहे. परंतु ताबा एकाचा व हक्क दुसऱ्याचा असा प्रकार दप्तरांच्या बाबतींत आपल्याही अंगवळणीं पडलेला आहे.

ह्या लेखांतील ‘अंजुवण्णम्’ शब्दाकडे कोंकणच्या इतिहासाच्या अभ्यासकांचें लक्ष आम्ही मुद्दाम वेधूं इच्छितों. पूर्वीं हा शब्द म्हणजे एखादें गांव, जहागीर किंवा पांच जातींचा समूह असा अर्थ करीत. कोल्लमच्या इ. स. ८४९ च्या ताम्रपटांतही तो आहे, व तेथील संदर्भ पाहतां ती पश्चिमेकडून आलेल्या व्यापाऱ्यांची संघटना होती हें मत आतां दृढ झालें आहे. फारशी ‘अंजुमन’ शब्दाचेंच हें रूप, असें कित्येक संशोधक मानतात. आतां उत्तर कोंकणच्या शिलाहारांचे ताम्रपट काढून पाहावे: त्यांत दानाची वर्दी ज्यांस दिली जाते त्यांत ‘हंयमन’ किंवा ‘हंजमन’ नगराचे पौर येतात. हें संजाण शहर, असें जुने पंडित म्हणत. परंतु ठाण्याच्या शिलाहारांचा ‘हंजमन’ व मलबारच्या चेरांचा ‘अंजुवण्णम्’ एकाच शब्दाचे दोन उच्चार असतील, तर ज्याचा अर्थ आपण आजवर नकाशांत शोधला तो व्यापाऱ्यांच्या पेढ्यांत शोधावा लागेल. हा प्रश्न आम्ही येथें सोडवीत नाहीं. पण कोंकणचे ताम्रपट वाचणारानें मलबारचे पट शेजारीं ठेवावेत, एवढें निश्चित.

कोंकणाशीं ह्या गल्लीचा दुसराही एक धागा आहे. एझिकिएल रहबी (१६९४–१७७१) हा वलंदेज कंपनीचा सुमारें अर्धशतकभर मुख्य व्यापारी होता. वर सांगितलेला मनोरा त्यानेंच उभारला. १७६८ त त्यानें हॉलंडांतील टोबायस बोआस यास हिब्रू भाषेंत जें पत्र लिहिलें त्यांत मराठ्यांच्या मुलखांत पसरलेल्या बेने इस्राएल लोकांचा उल्लेख आहे: ते तेलाचे घाणे चालवितात, कांहीं शिपाईगिरी करितात, शनिवारीं काम बंद ठेवितात, व धर्मपाठांपैकीं ‘शेमा’ तेवढा त्यांस येतो. पूर्वींच्या कुलाबा जिल्ह्यांतील आपले शनवार तेली ते हेच. त्यांजविषयींच्या आरंभींच्या लेखी उल्लेखांत ह्या पत्राची गणना होते. माधवराव पेशव्यांच्या कारकीर्दींतील कोंकणच्या एका जातीची ही नोंद कोचीनांत हिब्रूंत लिहिली जावी व हॉलंडास पोंचावी, ही गोष्ट आम्हांस आमच्या संशोधनाच्या मर्यादा दाखविणारी वाटली. कारण ती शोधण्यास मोडी वाचतां येऊन कांहींच उपयोग नव्हता. पुढें एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत कोचीनच्याच यहुदी शिक्षकांनीं मुंबई-कोंकणांत येऊन ह्या लोकांस हिब्रू व धर्मविधि शिकविले.

यहुद्यांच्या गल्लींतून निघून थोडें पश्चिमेस चेरळाई भागांत गेलें म्हणजे कोंकण्यांची वस्ती. गोव्यांत १५६० त धर्मन्यायसभा बसली व त्या सुमारास गौड सारस्वत ब्राह्मणांचीं व इतरांचीं कुटुंबें दक्षिणेस निघालीं; त्यांपैकीं बऱ्याच जणांस कोचीनच्या राजानें आश्रय दिला. एका फिरंगी ठाण्यांतून पळालेले लोक दुसऱ्या फिरंगी ठाण्याच्या कोसभरांत येऊन राहिले हें विलक्षण खरें, पण मट्टांचेरी राजाची होती व व्यापारास माणसें हवीं होतीं. येथील व्यंकटेशाचें तिरुमल देवस्थान ही ह्या समाजाची मुख्य गादी. अठराव्या शतकाच्या अखेरीस राजाशीं बेबनाव होऊन रक्तपात झाला, तेव्हां लोक देवाची मूर्ति घेऊन त्रावणकोरच्या राज्यांत आलेप्पी येथें गेले. ती परत आली १८५३ त. घरांतून अद्यापि कोंकणी बोलली जाते. वलंदेजांच्या कागदांत हे लोक ‘कानारीन’ या नांवानें येतात, आणि त्यांच्यावरील न्यायाचा अधिकार राजाचा कीं कंपनीचा हा तंटा त्या कागदांत वारंवार उपस्थित होतो. ‘ब्राह्मण’ किंवा ‘कोंकणी’ असा शब्द शोधीत बसणाऱ्यास ही सामग्री सांपडणार नाहीं.

आमचें साक्षपत्र ह्या समाजांतलें. वलंदेजांचा मलबारांतील मुख्य अधिकारी हेंद्रिक व्हान रेडे (कारकीर्द १६७०–१६७७) यानें मलबारच्या वनस्पतींचा ग्रंथ करविला. ‘होर्तुस मलबारिकुस’ या नांवानें त्याचे बारा खंड १६७८ पासून १६९३ पर्यंत ॲम्स्टरडॅमला निघाले. त्यांत सातशेंहून अधिक वनस्पति आहेत. कामाची रीत अशी: झाडें आणावयाचीं, चितारी त्यांचीं चित्रें काढीत, वैद्य नांवें व गुण सांगत, तें कोचीनचा दुभाष्या इमान्युएल कार्नेरो पोर्तुगीजांत घेई, व शेवटीं लॅटिन मजकूर तयार होई. वैद्यांत मलयाळी इट्टी अच्युतन् होता व रंग भट, विनायक पंडित व अप्पु भट असे तिघे कोंकणी ब्राह्मण होते. चित्रांवर वनस्पतींचीं नांवें लॅटिन, मलयाळी, अरबी व नागरी अशा चार लिप्यांत खोदलेलीं आहेत. एका पानावर चार लिप्या: मट्टांचेरीचा रस्ताच जणूं त्या पानावर उतरला आहे.

पहिल्या खंडाच्या आरंभीं साक्षपत्रें आहेत. अच्युतनाचें मलयाळींत, तिघा भटांचें नागरींत. सेनापतीच्या आज्ञेवरून दोन वर्षें आम्ही औषधींचीं नांवें व गुण सांगत आलों, ते आमच्या ग्रंथास धरून आहेत, असा त्याचा आशय. तो ग्रंथ कोणता, हें लॅटिन भाषांतरांत ‘मन्हनिंगट्टनम्’ असें छापलें आहे. ‘महानिघंटु’ शब्दाची ही दुर्दशा आहे हें भारतीय वाचकास सांगणें नको. नागरी अक्षरें प्रतिकृतींत ओबडधोबड दिसतात, कारण तीं खोदणाऱ्यास लिपि ठाऊक नव्हती. म्हणून वाचतांना प्रत्येक संशयित अक्षर लेखकाच्या माथीं न मारतां खोदणाऱ्याकडेही पाहावें.

येथें आमच्या मित्रांशीं आमचा एक वाद आहे तो स्पष्टच सांगतों. हें पत्र ‘मलबारांतील जुना मराठी लेख’ म्हणून पुढें मांडावें असा आग्रह आम्हांस झाला. आम्ही तो मानला नाहीं. ग्रंथकर्त्यांनीं ह्या भाषेस ‘ब्राह्मणी’ म्हटलें आहे, व ती कोंकणी आहे. नागरी लिपि व ओळखीचे शब्द दिसतांच लेखावर आपला शिक्का मारण्याची संवय बरी नव्हे. ताम्रपटास सहाशें वर्षें अधिक चिकटविणाऱ्यांत व आपल्यांत मग फरक काय राहिला? तो आपल्या भाषेचा नसूनही मोलाचा आहे, आणि त्याच्या शेजारीं ठेवून वाचण्यास मराठी कागद हेच सर्वांत जवळचे आहेत.

इतर वस्त्या थोडक्यांत सांगतों. गुजराथी वाणी व जैन यांची पेठ, कच्छी मेमण, तमिळ ब्राह्मण, तमिळ परटांचा धोबीखाना, कोच्चंगाडीची जुनी मशीद, हीं सर्व मट्टांचेरी व तिच्या आसपास आहेत. मट्टांचेरींतच तो क्रूस आहे जेथें ३ जानेवारी १६५३ रोजीं सुरियानी ख्रिस्त्यांनीं फिरंगी पाद्र्यांविरुद्ध शपथ घेतली. क्रूसास दोर बांधून ते धरले होते असें सांगतात. शपथेच्या शब्दांचे निरनिराळे पाठ मिळतात व त्यांवर पंथापंथांत वाद आहेत. जागेविषयीं मात्र वाद नाहीं.

आतां खेदाची गोष्ट. ह्या पेठांतून जे कागद निर्माण झाले ते पेठांत फारसे राहिले नाहींत. वलंदेजांचें कोचीनचें दप्तर मद्रासेस, म्हणजे आतांच्या चेन्नईच्या अभिलेखागारांत आहे. क्लॉडियस ब्युकानन हा स्कॉटिश पाद्री १८०६ च्या सुमारास येथें येऊन हिब्रू हस्तलिखितें घेऊन गेला. तांबड्या रंगविलेल्या चामड्यावरील धर्मग्रंथाची त्यांतील गुंडाळी केंब्रिज येथें आहे. १९४८ त इस्राएलचें राज्य स्थापन झाल्यावर, विशेषतः १९५० नंतरच्या दशकांत, मलबारी यहुदी बहुतेक तिकडे गेले. परदेशीही मागाहून गेले व आज गल्लींत त्यांचें अस्तित्व नांवापुरतें आहे. मट्टांचेरीच्या कडवुंभागम् मंदिरांतील लाकडी कोरीव काम यरुशलेमच्या संग्रहालयांत आहे. त्या मंदिराची इमारत पडीक होऊन २०१९ त तिचा भाग कोसळला. जें नेलें तें वांचलें व जें राहिलें तें पडलें, हें मान्य केलें पाहिजे. पण नेलेल्या वस्तूंची यादी गांवांत कोणापाशीं असती तर बरें होतें.

परततांना यहुद्यांच्या गल्लींत जुन्या वस्तूंच्या एका दुकानीं भिंतीवर कांचेच्या चौकटींत एक कागद टांगलेला दिसला. दुकानदार म्हणाला, “मराठी आहे, घ्या, तुमच्याच देशचा.” जवळ जाऊन पाहिलें. जमाखर्चाच्या वहीचें पान. आंकडे नागरी, अक्षर कोंकणी व्यापाऱ्याचें, मिरीं व नारळ यांच्या रकमा. भाषा आमची नव्हे असें आम्हीं सांगितलें. बाकीची वही कोठें, असें विचारतां तो म्हणाला कीं पानें सुटीं केलीं, चौकटींत बसवून विकलीं, हें शेवटचें. किंमत आमच्या ऐपतीबाहेरची होती. तेव्हां त्याच्या परवानगीनें उभ्यानेंच नक्कल करून घेतली. ती मंडळाच्या दप्तरांत ठेविली आहे, व कोंकणी जाणणाऱ्या वाचकांनीं ती अवश्य तपासावी. एकंदर अकरा ओळी आहेत. बारावी, सर्वांत वरची, जींत मिती असावयाची, ती चौकटीच्या मापासाठीं कापलेली आहे.